चौपाटी आणि मराठी वाङ्मय

मुंबईच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्हांस आतां सत्तावीस वर्षें झालीं. एवढ्या अवधींत मॅथ्यू आर्नल्डची 'डोव्हर बीच' ही कविता आम्हीं किती वेळां वर्गांत समजावून दिली असेल याचा हिशेब आम्हीं ठेवलेला नाहीं. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेली ही छोटी कविता शिकविण्यास मोठी सोयीची आहे. शांत समुद्र, चांदणें, लाटेबरोबर मागें ओढल्या जाणाऱ्या गोट्यांचा खरखरीत आवाज, आणि त्या आवाजावरून कवीला होणारी श्रद्धेच्या ओहोटीची जाणीव, हें सर्व ओळीनें सांगत गेलें म्हणजे तास सुखानें पार पडतो. कांहीं वर्षांपूर्वीं मात्र मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, लाट परत जातांना वाजते ती कशी? आमच्याकडे तर नाहीं वाजत." डोव्हरचा किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नव्हे, असें सांगून आम्हीं त्याचें समाधान केलें, आणि सहज म्हणून, "तुमच्याकडे म्हणजे कोठें?" असें विचारलें. "दादरला," तो म्हणाला, "पण आमच्या घरीं समुद्र म्हणजे ६ डिसेंबर. एरवीं आम्ही तिकडे फारसे जात नाहीं." वर्ग क्षणभर गप्प झाला. आम्हींहि पुस्तकाचें पान उलटलें.

त्या मुलाच्या बोलण्याचा अर्थ मुंबईच्या वाचकांस उलगडून सांगण्याची गरज नाहीं. ७ डिसेंबर १९५६ रोजीं डॉक्टर आंबेडकरांच्या देहास दादरच्या चौपाटीवर अग्नि देण्यांत आला, आणि तेव्हांपासून दरसाल त्यांच्या पुण्यतिथीस लाखों माणसें चैत्यभूमीवर येतात. त्यापूर्वीं छत्तीस वर्षें, १९२० च्या ऑगस्टमध्यें, लोकमान्यांची चिता गिरगांवच्या चौपाटीवर रचली गेली होती. ज्या वाळूवर मुलें किल्ले करतात आणि मोठीं माणसें भेळ खातात, त्याच वाळूवर या शहरानें आपले सर्वांत मोठे शोक केले आहेत. असा किनारा जगांत दुसरीकडे कोठें असेल तर असो. परंतु डोव्हरचे गोटे कसे वाजतात हें जो प्राध्यापक विद्यार्थ्यांस अधिकारवाणीनें सांगूं शकतो, त्याला दादरच्या वाळूविषयीं बोलण्यास एक शब्द सुचूं नये, ही गोष्ट आमच्या मनास तेव्हांपासून लागून राहिली. हा दोष आमच्या एकट्याचा असता तर येथें मांडण्याचें कारण नव्हतें. आमच्या मतें तो मराठी वाङ्मयाचा आहे.

युरोपांतील लोक निसर्गतःच समुद्रावर प्रेम करीत आले, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल नांवाच्या इंग्रज वैद्यानें समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर धनिक मंडळी ब्रायटनला जाऊं लागली. तीं तेथें मौजेसाठीं जात नसत. गार पाण्यांत बुडी मारणें, इतकेंच काय, तें पाणी पिणें, हा औषधोपचार होता. चाकें लावलेल्या लांकडी खोल्या पाण्यांत नेऊन त्यांतून स्त्रिया समुद्रांत उतरत. १७८३ सालीं युवराजाचें पाऊल ब्रायटनला लागलें आणि औषधाची फॅशन झाली. १८४१ मध्यें लंडनहून आगगाडी सुरू झाली आणि फॅशनची जत्रा झाली. उन्हांत पडून कातडी तांबूस करून घेण्याची आवड तर त्याहून फार उशिराची, गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतली. तोंवर तिकडच्या कुलीन स्त्रिया आपल्याकडील स्त्रियांप्रमाणेंच उन्हाला भीत.

हा इतिहास आम्ही येथें देतों तो केवळ माहिती म्हणून नव्हे. या सर्व स्थित्यंतरांच्या बरोबरीनें इंग्रजी वाङ्मय चालत होतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जेन ऑस्टिननें १८१७ सालीं जी शेवटची कादंबरी हातीं घेतली आणि अपुरी सोडली, ती एका समुद्रकांठच्या गांवाला हवा खाण्याचें ठिकाण बनवूं पाहणाऱ्या उत्साही लोकांविषयीं आहे. तरुण डिकन्सनें १८३६ त अकस्मात् पैसा हातीं आलेलें एक दुकानदाराचें कुटुंब रॅम्सगेटच्या किनाऱ्यावर नेऊन त्याची फजिती रंगविली. म्हणजे एकीकडे कड्यावर एकटा उभा राहून अनंताचा विचार करणारा कवि होता, आणि दुसरीकडे खालीं वाळूवर कोण कोणत्या खुर्चीवर बसला आहे आणि खोलीचें भाडें किती पडलें हें पाहणारी चाणाक्ष दृष्टीहि होती. आमच्या पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांनीं यांतला कवि तेवढा उचलला. आणि त्या कवीलाहि आम्हीं नीट पाहिलें नाहीं. आर्नल्डच्या कवितेंतला माणूस किनाऱ्यावर नाहींच. तो खोलींत आहे, खिडकीपाशीं, आणि आपल्या प्रियेला खिडकीशीं बोलावीत आहे.

मराठी समुद्रकवितेकडे वळलें कीं पहिलें नांव अर्थातच 'सागरास' या कवितेचें. ही सावरकरांनीं १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या योगायोगाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्या किनाऱ्यावर रसेलच्या काळापासून सारें इंग्लंड लोटलें, त्याच किनाऱ्यावर मराठींतील सर्वांत प्रसिद्ध समुद्रकविता जन्मास आली, आणि त्या कवितेंत ब्रायटन नाहीं. समुद्रांत शिरलेले तेथील लांबच लांब धक्के नाहींत, फिरावयास आलेलीं माणसें नाहींत, पाण्यांत पाय बुडविणारें एक मूल नाहीं. हें योग्यच झालें. ज्याच्या डोळ्यांपुढें मातृभूमि उभी आहे त्याला समोरची मौज दिसावी कशी? तो समुद्राशीं भांडतो, त्याला त्याच्या वचनाची आठवण देतो, आणि शेवटीं अगस्तीचें नांव काढून धाक घालतो. येथें समुद्र हा देखावा नसून वचन मोडलेला पक्षकार आहे, आणि म्हणूनच ती कविता इतकी जिवंत आहे. परंतु थोर कवितेचे सगळे परिणाम थोर असतातच असें नाहीं. समुद्र म्हटला कीं विरह, व्याकुळता आणि भव्यता, हें जें समीकरण तेव्हां मराठी मनांत बसलें तें अजून उठलेलें नाहीं. १९४२ सालच्या 'विशाखा'मध्यें कुसुमाग्रजांचा कोलंबस समुद्राला आव्हान देतो. तेथेंहि समुद्र म्हणजे पराक्रमी माणसाचा प्रतिपक्षी. कविता तेजस्वी आहे यांत शंका नाहीं. तथापि समुद्रापाशीं ज्याला कांहींच सिद्ध करावयाचें नाहीं, जो केवळ संध्याकाळीं पायजमा वर करून घोटाभर पाण्यांत उभा आहे, त्याची सोय तिच्यांत होणें शक्य नव्हतें.

मर्ढेकरांचें नांव येथें वगळतां येत नाहीं. माघांतल्या पहाटेचें मुंबईचें बंदर त्यांनीं एका कवितेंत पाहिलें तें उसन्या डोळ्यांनीं नव्हे, आणि तें ज्यांनीं वाचलें त्यांना त्यानंतर तें बंदर पहिल्यासारखें दिसलें नाहीं. पण बंदर शहराच्या पूर्वेस आणि चौपाटी पश्चिमेस. बंदर कामाचें, चौपाटी रिकाम्या वेळाची. कामाच्या समुद्राला आमच्या काव्यांत मानाचें स्थान मिळालें. कोळ्याच्या समुद्रालाहि मिळालें. शान्ता शेळके यांचें डोलकराचें गाणें ज्या घरांनीं आवडीनें ऐकलें त्यांतील कितीकांनीं होडींत पाय ठेवला नसेल. रिकाम्या वेळाचा समुद्र मात्र तसाच राहिला.

गद्याची स्थिति याहून वेगळी नाहीं, आणि येथें तर आश्चर्य अधिक वाटतें, कारण मुंबईचा एकेक कोपरा मराठी गद्यपद्यानें हळूहळू आपलासा केला आहे. चाळीला १९५८ त 'बटाट्याची चाळ' मिळाली. नाक्याला १९६५ त भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' मिळाला. १९७२ त नामदेव ढसाळांनीं गोलपिठा कवितेंत आणला आणि सभ्य वाचक हादरून गेला. चौपाटीला काय मिळालें? उल्लेख पाहिजेत तेवढे आहेत. नायक आणि नायिका चौपाटीवर भेटतात, सूर्य बुडतो, दोन वाक्यांत समुद्र गर्जतो आणि प्रकरण पुढें सरकतें. नाटकाच्या मागें रंगविलेला पडदा टांगावा तशी ती टांगलेली असते. तिचा ठाव घेणारें असें एक पुस्तक आमच्या वाचनांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, चौपाटीचा ठाव घेण्यासारखें तेथें आहे तरी काय? भेळ, फुगे, कुल्फी, आणि घाण. हा आक्षेप आम्हांस नवीन नाहीं. तरुणपणीं आम्हीहि तो केला आहे. म्हणून थोडें स्वतःविषयीं सांगतों.

आमचें बालपण गिरगांवांत, चाळींतल्या एका खोलींत गेलें. खोली दहा बाय बाराची आणि माणसें सात. आठवड्यांतून एखाद्या संध्याकाळीं वडील आईला म्हणत, "चल, जरा हवा खाऊन येऊं." आम्ही भावंडें मागोमाग असूंच. चौपाटीवर गेल्यावर आम्हांस पांच-सहा हातांवर वाळूंत बसविलें जाई आणि तीं दोघें समुद्राकडे तोंड करून बोलत. काय बोलत तें ऐकूं येत नसे. तें ऐकूं येऊं नये यासाठींच तेथवर जाणें होतें, हें आम्हांस फार उशिरा समजलें. घरांत भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाहि कुजबुज कळे. हजारों माणसांच्या त्या वाळूंत मात्र कोणी कोणाचें ऐकत नव्हतें. १९८२ सालच्या गिरण्यांच्या संपानंतर वडिलांची गिरणींतली कारकुनी सुटली. ही गोष्ट त्यांनीं आईला कोठें सांगितली असेल याचा उलगडा आम्हांस पुढें मोठेपणीं झाला. त्या दिवशीं भेळ घेतली नव्हती, एवढेंच आम्हांस आठवत होतें.

आतां पाश्चात्त्य वाङ्मयांतून घेतलेल्या कल्पनेशीं हें ताडून पाहावें. समुद्रावर जावयाचें तें एकान्तासाठीं, आणि एकान्त म्हणजे माणसांचा अभाव, असें ती कल्पना सांगते. त्या मापानें मोजल्यास आमची चौपाटी नापासच होणार. परंतु ज्या शहरांत माणसाला घरांत एकान्त नाहीं तेथें गर्दी हाच आडोसा असतो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर ओळीनें बसलेलीं जोडपीं पाहून सूर्यास्ताच्या शोभेविषयीं लिहिणारे पुष्कळ. तीं सगळीं शहराकडे पाठ करून बसलेलीं असतात, आणि त्यांना समुद्र पाहण्यापेक्षां आपलें तोंड दिसूं न देण्याची निकड असते, हें लिहिणारा विरळा. ऊन आम्हांस वर्षांतले आठ महिने न मागतां मिळतें. त्याच्यासाठीं कोणी किनाऱ्यावर जात नाहीं. तें उतरलें म्हणजे आमचा किनारा भरूं लागतो. पोहण्यासाठींहि आम्ही जात नाहीं. पिंपळ आणि सागर यांची सेवा करावी परंतु एरवीं त्यांस स्पर्श करूं नये, पिंपळाला शनिवारीं आणि सागराला पर्वणीस शिवावें, असें एक जुनें धर्मवचन आहे. तें ज्यांनीं कधीं ऐकलें नाहीं तेहि नकळत पाळतातच. गणपति बुडवितांना किंवा नारळी पौर्णिमेला जो छातीइतक्या पाण्यांत जातो तोच एरवीं लाट आली कीं वहाणा हातांत घेऊन मागें सरतो. आम्ही तेथें जातों तें 'हवा खाण्यासाठीं', आणि हा वाक्प्रचार किती नेमका आहे! ज्याला दुसरें कांहीं विकत घेतां येत नाहीं त्यालाहि ती खातां येते. बसण्याबद्दल पैसे न मागणारी आणि कोणाचा कोण हें न विचारणारी एवढी मोठी जागा या शहरांत दुसरी नाहीं. तेथें जी बाई रात्रीं नऊ वाजेतों मुलांना घेऊन निवांत बसते, तिला त्या वेळीं दुसरीकडे कोठें तसें बसतां आलें असतें? हा कादंबरीचा विषय नव्हे असें म्हणणाऱ्यानें कादंबरीचा विषय कोणता तें आम्हांस सांगावें.

घाणीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. सांडपाणी समुद्रांत सोडणारें शहर आणि उरलेली भेळ कागदासकट वाळूंत टाकणारा नागरिक हे दोघेहि दोषी आहेत, आणि त्यांपैकीं दुसऱ्यालाच नेहमीं बोल लागतो. परंतु घाण आणि गर्दी या दोन गोष्टी एकच आहेत असें मानणारी जी दृष्टि आहे ती आम्हांस मान्य नाहीं. २०१५ च्या ऑक्टोबरपासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह आणि त्यांच्या सोबतचे लोक दर आठवड्याला कचरा उचलीत राहिले, आणि २०१८ च्या मार्चमध्यें तेथें कांसवाचीं पिलें वाळूंतून निघून समुद्राकडे गेलीं. ती वाळू गर्दीनेंच स्वच्छ केली. तिला हांकलून नव्हे.

वाङ्मयाच्या मासिकांत हा विषय कशासाठीं, असें कोणास वाटूं नये. ज्या गोष्टीचें वर्णन आपल्या भाषेनें केलें नाहीं तिची किंमत दुसऱ्याच्या वर्णनावरून ठरविली जाते. किनारा 'सुशोभित' करावयाचा म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें जें चित्र येतें, त्यांत निळें पाणी असतें, पांढरी वाळू असते, वाकलेला माड असतो, आणि माणूस नसतो. तें चित्र आम्हीं कोठून आणलें? वरळीपर्यंतचा साडेदहा किलोमीटरांचा सागरी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झाला. गिरगांव चौपाटीजवळ तो भुयारांत शिरतो आणि मलबार टेकडीखालून प्रियदर्शिनी उद्यानापाशीं बाहेर पडतो. रस्त्याचे फायदे आम्ही नाकारीत नाहीं. आम्हीहि त्यावरून गेलों आहों आणि वेळेवर पोंचलों आहों. पण त्याविषयीं जो वाद झाला त्यांतली एक गोष्ट आमच्या लक्षांत राहिली. वरळीच्या कोळ्यांनीं, पुलाच्या खांबांमधून आमच्या होड्या सुरक्षित जाणार नाहींत, अंतर वाढवा, असा हट्ट धरला, आणि झगडून झगडून साठ मीटरांच्या जागीं एकशें वीस मीटर करून घेतलें. त्यांना तें शक्य झालें, कारण आपला समुद्र त्यांना मोजून सांगतां आला: येथें खडक, येथें ओढ, येथून होडी वळते. उद्यां चौपाटीवर कांहीं बांधावयाचें ठरलें तर तेथें संध्याकाळीं बसणारा मनुष्य काय सांगेल? आमचे वडील तेथें बसत, एवढेंच आम्ही सांगूं शकूं. नकाशावर तें कोठें दाखवावयाचें? तें दाखविण्याचें काम गोष्टीचें आणि निबंधाचें होतें, आणि तें झालेलें नाहीं.

यंदा आम्हीं वर्गांत एक लहानसा प्रयोग केला. आर्नल्ड हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या माहितीच्या किनाऱ्यावर मराठींत पानभर लिहून आणावें असें सांगितलें. बहुतेकांनीं लिहिलें तें आम्हींच त्यांना शिकविल्यासारखें होतें. 'अथांग' आणि 'निळाशार' हे शब्द प्रत्येक पानावर; दादरचें पाणी निळें नसून मातकट असतें हें दादरच्याच मुलांना लिहावेंसें वाटलें नाहीं. सात-आठ पानें मात्र निराळीं निघालीं. एका मुलीनें लिहिलें होतें कीं, सगळीं घरचीं पाण्याकडे गेलीं म्हणजे आजी समुद्राकडे पाठ करून बसते, कारण चपलांवर कोणी तरी लक्ष ठेवावयास पाहिजे. दुसऱ्या एकानें ६ डिसेंबरची रांग लिहिली होती. चैत्यभूमीच्या रांगेंत आईबरोबर रात्रभर सरकतांना समुद्र शेजारीं असल्याचें आवाजावरून कळतें, पण तो दिसतो सकाळीं, दर्शन होऊन बाहेर आल्यावर. तेव्हां आई त्याच पाण्यानें त्याचे पाय धुते आणि मग दोघें डबा उघडतात. तें पान आम्हीं वर्गांत वाचून दाखविलें. त्यावर मुलें बोलूं लागलीं तीं घंटा झाली तरी थांबेनात. आर्नल्ड त्या तासाला राहून गेला; तो पुढच्या आठवड्यांत घेतला.